क्यूच्या मुठीचं चामडं: फेब्रुवारी ते मे

स्वतःचा पूल क्यू (पूल खेळात बॉल मारायची काठी) आहे आणि मुठीवरचं चामडं सुटायला लागलंय, पण जवळपास दुरुस्त करणारं कोणी नाही, अशा लोकांसाठी हे लिहितोय. मी अमरावती जिल्ह्यातल्या वरुडपासून आठ किलोमीटरवर राहतो, संत्र्याची बाग आहे, आणि आठवड्यातून दोनतीनदा संध्याकाळी वरुडला पूल पार्लरवर खेळायला जातो. मला हे काम करायला २०२४ चा फेब्रुवारी ते मे लागला, त्यातला निम्मा वेळ चुकीच्या दिशेनं गेला. तो तुमचा जाऊ नये.

क्यू माझ्या चुलतभावाचा. २०१६ साली तो नोकरीला पुण्याला गेला तेव्हा मला देऊन गेला, खेळायलाही त्यानंच शिकवलेलं. दोन भागांचा (मागचा जाड बट, पुढचा बारीक शाफ्ट), १९ औंसाचा, बटवर साधारण फूटभर लांब काळं चामडं गुंडाळलेलं. त्या चामड्यावर मागच्या बाजूला त्याच्या हाताचा एक गुळगुळीत डाग होता, पुढं त्यावर माझा हात बसत गेला. फेब्रुवारीत लक्षात आलं की जोड उकललाय, आणि खालच्या रिंगजवळ (चामड्याच्या दोन्ही टोकांना बटवर अशी एकेक रिंग असते) चामडं नखानं उचललं जातंय. स्ट्रोक घेताना मूठ आत गेली की ती उकललेली कड करंगळीला लागायची आणि मग डोकं बॉलवर राहायचंच नाही.

पहिला महिना जुगाडात गेला. आधी बॅडमिंटनची ग्रिप वरून गुंडाळली, तर प्रत्येक वेढ्याला उंचवटा आला आणि मूठ जाड झाली. पार्लरवर एकानं सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून दिला, तो आठ दिवस बरा वाटला, पण मार्च लागला तसा आत घाम साचून हात सटकायला लागला. रबर घाम पीत नाही, चामडं पितं, म्हणून तर मुठीला चामडं किंवा सुती धागा लावतात. एक जण म्हणाला, "स्नूकरच्या क्यूले कुठं चामडं रायते? काढून फेक ना." स्नूकरच्या क्यूला नसतं हे खरं, पण आपल्या क्यूत चामडं बसावं म्हणून लाकडात खाच पाडलेली असते. चामडं काढलं की ती खाच उघडी पडते, दोन्ही टोकांना पायरी लागते, आणि आतल्या लाकडावर पॉलिशही नसतं. म्हणजे नुसतं काढून भागत नाही, तेवढ्याच जाडीचं काहीतरी परत बसवावंच लागतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका मोठ्या शहरातल्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. २,२०० रुपये आणि तीन आठवडे म्हणाले, मला ठीक वाटलं. इथं एक गोष्ट सांगतो, पाठवायचंच असेल तर फक्त बट पाठवा, शाफ्ट घरी ठेवा. चामड्याच्या कामात शाफ्टचा संबंधच नाही, आणि प्रवासात तोच वाकायची भीती जास्त. पॅकिंगसाठी बागेतला ७५ एमएमचा पीव्हीसी पाइप घेतला, ८० सेंटीमीटर कापला, आत जुनी टॉवेल गुंडाळून बट घातला, दोन्हीकडं कॅप लावल्या आणि वरून खोक्याचा पुठ्ठा. पॅकिंग म्हणून हे एकदम पक्कं, माझा पाइप जाऊन परत आला, एक ओरखडा नाही.

१८ मार्चला सोमवारी कुरिअरच्या काउंटरवर गेलो. आधारची झेरॉक्स, आत काय आहे, किंमत किती, बिल आहे का. बिल कुठून आणू, आठ वर्षांपूर्वी भावानं दिलेली वस्तू. शेवटी साध्या कागदावर लिहून दिलं की वापरलेली खेळाची वस्तू आहे, दुरुस्तीला चाललीय, विकायला नाही, खाली सही, मोबाइल नंबर. असा कागद घरूनच दोन प्रतीत लिहून न्या, तिथं उभं राहून लिहिताना मागची रांग खोळंबते. वजन काट्यावर सव्वा किलो भरलं पण त्यांनी माप घेतलं, ८२ गुणिले १० गुणिले १०, भागिले ५,०००, म्हणजे १.६४, आणि दर लावला दोन किलोचा. ३४० रुपये. लांब वस्तूला असंच लागतं, त्यात फसवणूक नाही, पण आधी माहीत असलेलं बरं.

२२ ला पार्सल पोचल्याचा मेसेज आला. मग होळी आली. २८ ला फोन केला तर कारागीर गावी गेलाय. ४ एप्रिलला त्यांचाच फोन, खाच खराब आहे, ती दुरुस्त करावी लागेल, आता ३,९०० होतील. मी फोटो मागितला, तो आला नाही. त्या रात्री खरंच झोप लागली नाही, कारण वस्तू त्यांच्या हातात आणि मी इतक्या लांब, हो म्हणावं तर फोटोसुद्धा न बघता पैसे द्यायचे, नाही म्हणावं तर क्यू कसा परत येईल कोण जाणे. सकाळी बायको म्हणाली, "आणून घ्या परत, आपल्या डोळ्यासमोर जे होईल ते होईल." तसंच सांगितलं. परतीचे २४० माझ्याच अंगावर पडले. १२ एप्रिलला शुक्रवारी पाइप घरी आला, उघडून बघितलं तर चामडं होतं तसंच, कोणी हातही लावलेला नव्हता. म्हणजे खाच त्यांनी बघितलीच नव्हती, चामड्याखाली दिसणार कशी.

तेव्हा ठरवलं की हे इथंच करायचं.

वरुडच्या स्टँडजवळ कडुनिंबाखाली एक मोचीकाका बसतात, माझ्या लहानपणापासून आम्ही चपला त्यांच्याकडंच शिवतो. १५ तारखेला क्यू घेऊन त्यांच्याकडं गेलो (१४ ला आंबेडकर जयंती, अख्खं मार्केट बंद). त्यांनी बट हातात घेतला, चामड्याच्या कडेवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हे बकरीचं हाय. जोड टोकाला टोक लावून केला, चढवून नाई केला. चांगला कारागीर होता." मग विचारलं, "क्यू कायचा हाय तो नाई समजत मले, पण चामडं लावाचं तर लावू. चामडं तू आन, मायाकडं एवढं बारीक नाई."

जुनं चामडं त्यांनी माझ्यासमोर काढलं. जोडावरून रापीचं (चामडं कापायच्या हत्याराचं) टोक घातलं आणि साप कात टाकतो तसं अख्खं एका तुकड्यात उतरवलं. मला त्या वेळी पोटात कसंतरी झालं, भावाच्या हाताचा तो डाग त्याच्यावरच होता. तो तुकडा मी घडी न घालता सरळ पाइपात ठेवला, अजून तिथंच आहे.

आत लाकडावर जुनं सोल्युशन (चामडं चिकटवायचं) वाळून पिवळं-तपकिरी, खरजेसारखं झालेलं. मी घरून थिनर घेऊन गेलो होतो. काकांनी बाटली बाजूला ठेवायला लावली, म्हणाले याचा एक थेंब वरच्या पॉलिशवर गेला तर पॉलिश उकलते. त्यांनी क्रेप सोलचा (बुटाच्या रबरी तळाचा) एक तुकडा दिला आणि खोडरबरासारखं घासायला सांगितलं. मी तिथंच दगडावर बसून पाऊण तास घासलं. जुनं सोल्युशन गोळ्या होऊन निघत जातं, लाकडाला काही होत नाही आणि वासही नाही. मग दोन्ही रिंगांवर मास्किंग टेपचे तीन थर लावले आणि १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं लांबीच्या दिशेनं हलका हात फिरवला. या कामात मला सगळ्यात कामाची वाटलेली गोष्ट म्हणजे तो क्रेपचा तुकडा, आणि तो कोणत्याही मोच्याकडं फुकट मिळेल.

खाच नीट होती. ते बघून जो जीव भांड्यात पडला तो शब्दात सांगता येत नाही.

मापासाठी पाण्याच्या मोटारीचे शाफ्ट करणाऱ्या लेथवाल्या भाऊकडं गेलो, त्याच्याकडं चांगला वर्नियर आहे. खाचेत पुढच्या टोकाला २७.४ मिलिमीटर, मागच्या टोकाला ३०.६. पुढच्या रिंगचं बाहेरचं माप २९.२, म्हणजे खाच एका बाजूनं ०.९ मिलिमीटर खोल. हे माप फार महत्त्वाचं, कारण चामड्याची जाडी यावरून ठरते. धाग्याच्या मुठीची खाच साधारण अर्धा मिलिमीटरच असते, तिच्यात चामडं लावलं तर वर येईल. भाऊ म्हणाला लेथवर लावून दोन मिनिटांत साफ करून देतो, पण चकमध्ये धरलं की पॉलिशवर जबड्याचे व्रण उठतात, म्हणून नको म्हटलं. त्यानं मापाचे पैसे घेतले नाहीत, चहा पाजला त्यानंच.

आता चामडं आणायला नागपूरला जायचं. १९ एप्रिलला जाणार होतो पण नागपूरचं मतदान त्याच दिवशी, दुकानं बंद राहतील म्हणून २० ला शनिवारी गेलो, मित्राच्या पिकअपमध्ये. तो मृग बहाराच्या संत्र्याचा शेवटचा माल घेऊन नागपूरच्या कळमना मार्केटला चालला होता. आमच्याकडचं मतदान २६ ला, त्यामुळं रस्त्यात निवडणुकीचा तपासणी नाका. क्रेट बघितले आणि मग सीटमागचा पीव्हीसी पाइप दिसला. "हे काय हाय?" मी खाली उतरून कॅप उघडून बट दाखवला, ते वळवून वळवून बघत होते, जॉइंटचा पितळी पिन बघून त्यांना जास्तच शंका आली. कुरिअरसाठी लिहिलेल्या कागदाची दुसरी प्रत माझ्या पाकिटात होती, ती दाखवली. त्यांनी वाचली, गाडी नंबर लिहून घेतला आणि वीस मिनिटांत सोडलं. त्यांचं कामच आहे ते. पण असला लांब पाइप घेऊन फिरताना एक कागद सोबत असू द्या.

कळमन्याहून ऑटोनं चपला-बुटाचं सामान विकणाऱ्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं अप्परचं (बुटाच्या वरच्या भागाचं) पाहिजे की अस्तराचं. बकरीचं, काळं, वरून रंगाचा जाड लेप नसलेलं, एक मिलिमीटरचं, असं सांगितलं. काकांनी जाडी ०.९ ऐवजी १ सांगितली होती, ताणून दाबून बसवताना तेवढं कमी होतं म्हणून. दुकानदारानं सहासात कातडी समोर टाकली. प्रत्येकाच्या मागच्या बाजूला पेन्सिलनं किती स्क्वेअर फूट ते लिहिलेलं असतं, आणि तुकडा देत नाहीत, अख्खं घ्यावं लागतं. मी परवानगी घेऊन प्रत्येकाच्या कोपऱ्यावर बोट ओलं करून टेकवलं. ज्यावर पाणी थेंब होऊन तसंच राहिलं ती बाजूला, जिनं पाणी पिऊन डाग गडद झाला ती घेतली. जी पाणी पिते ती घामही पिते. ५.१ फूट, ११० रुपये फूट, ५६१ रुपये.

आता माझ्याकडून झालेली चूक. एप्रिलचा शेवट बागेला पाणी देण्यात गेला, काकाही लग्नसराईत गावी गेलेले, आणि ५ मेला रविवारी मला धीर धरवला नाही. दुपारी दोनला, टिनाखाली, एकट्यानं बसलो. त्रेचाळीस अंश तापमान. चामडं कडेच्या भागातून कापलं कारण मधलं चांगलं वाया जाऊ नये असं वाटलं. डब्यावर लिहिल्याप्रमाणं सोल्युशन दोन्हीकडं लावलं आणि दहा मिनिटं थांबलो. त्या उन्हात ते चार मिनिटांतच कोरडं झालं असणार, मी थांबत राहिलो. मग चामडं टेकवलं, ते पहिल्या स्पर्शाला जागच्या जागी धरलं, आणि दोन मिलिमीटर तिरपं. हे सोल्युशन एकदा धरलं की सरकत नाही. ओढून बसवायला गेलो तर कडेचं चामडं पोटाकडचं, सैल, एका बाजूला लांब झालं दुसऱ्या बाजूला नाही. संध्याकाळी सगळं काढलं आणि परत क्रेप घेऊन बसलो. हात दुखत होते, आणि भावाचा क्यू आपण बिघडवला असं वाटून जेवणही गेलं नाही.

काकांना दुसऱ्या दिवशी सांगितलं तर ते रागावले नाहीत. "दुपारी कोणी सोल्युशन लावते का बाप्पा? रविवारी सकाळी सहाले ये. अन् मधल्या पाठीचं चामडं काप, कडचं चपलीच्या पट्ट्याले कामी येईल."

१२ मेला सकाळी सहाला कडुनिंबाखाली. हवा गार होती, स्टँडवर पहिली गाडी लागलेली. आम्ही आधी कागदाचा नमुना केला. खाचेतला घेर पुढं ८६ मिलिमीटर आणि मागं ९६, म्हणजे पट्टी सरळ चौकोनी नाही, मागं सेंटीमीटरभर रुंद. त्यावर जोडासाठी चार मिलिमीटर जास्त ठेवलं. नमुना पाठीच्या कण्याच्या रेषेत ठेवून चामडं कापलं. बटवर पुढच्या रिंगपासून मागच्या रिंगपर्यंत पेन्सिलची एक सरळ रेघ मारली, लोगोच्या बरोबर उलट्या बाजूला, म्हणजे जोड वरून दिसत नाही.

सोल्युशन पातळ हातानं लावायचं, जाड थर राहिला तर वरून गोळा दिसतो. लाकडावर दोनदा, चामड्यावर एकदा. मग बोटाच्या मागच्या बाजूनं, नखाकडच्या, हलकं टेकवून बघायचं. चिकट लागलं पाहिजे पण बोटाला आलं नाही पाहिजे. घड्याळ बघायचंच नाही. त्या सकाळी आठेक मिनिटं लागली असतील. काकांनी बटच्या वरच्या बाजूवर बटर पेपर पांघरला, फक्त रेघेजवळची बोटभर पट्टी उघडी ठेवली. चामड्याची एक कड त्या रेघेवर आधी मधे, मग दोन्ही टोकांकडं टेकवत गेले. ती कड पक्की धरली की पेपर थोडा थोडा मागं ओढायचा आणि चामडं अंगठ्यानं पुढं दाबत न्यायचं. मी बट धरून सावकाश फिरवत होतो, ते दाबत होते. त्यांचा अंगठा रापीच्या धारेनं कायमचा चिरलेला आहे, आणि तरी त्यांना चामड्याखालचा वाळूएवढा कण त्या अंगठ्याला समजला. थांबले, पेपर मागं घेतला, कड उचलली, कण काढला, परत बसवलं.

पूर्ण वेढा झाला तेव्हा दुसरी कड पहिलीवर चार मिलिमीटर चढली होती. काकांनी नवं ब्लेड काढलं, स्टीलची पातळ पट्टी जोडावर लांबीत ठेवली आणि दोन्ही थर एकाच वेळी कापले, एका ओढीत, मधे न थांबता. वरची सुटी पट्टी निघाली, मग कड जरा उचलून खालची पट्टी काढली, आणि दोन्ही कडा एकमेकींना भिडल्या. एकाच कापानं दोन्ही कडा कापल्यामुळं त्या एकमेकींत बसतातच. ब्लेड पहिल्यांदाच वापरायचं, जुनं असेल तर चामडं ओढलं जातं. टोकांना रिंगच्या खाचेला टेकवून जादाचं कापलं. मग रापीच्या लाकडी मुठीनं पूर्ण जोड वरून खाली घासला, चमक येईपर्यंत.

वरून जुन्या धोतराची पट्टी घट्ट गुंडाळून दिली आणि उद्यापर्यंत सोडू नको म्हणाले. किती द्यायचे विचारलं तर १०० म्हणाले. मी दोनशे ठेवत होतो तर शंभर परत केले, म्हणून उरलेलं चामडं त्यांनाच दिलं.

१३ ला संध्याकाळी पट्टी सोडली. डोळे मिटून हात फिरवला, रिंग कुठं संपते अन् चामडं कुठं सुरू होतं ते लागत नव्हतं. फक्त मागच्या टोकाला जोडात इंचभर लांबीची, केसाएवढी फट आहे. आम्ही चामडं ताणून बसवलं त्यामुळं वाळताना तेवढं मागं आलं असणार. खेळताना लागत नाही पण आहे, ती लपवत नाही. सोनाराच्या काट्यावर चामड्याशिवाय बट ४०७ ग्राम भरला होता, आता ४२८. एकवीस ग्राम, तेही सगळं मागच्या बाजूला. पहिले दोन दिवस क्यू हातात थोडा वेगळा वाटला, पण महिनाभर ट्यूब आणि ग्रिप लावून खेळल्यावर हाताची सवय बदललेली असते, लगेच घाबरून परत काढू नका.

चामड्याला काळं बूट पॉलिश लावू नका, हाताला आणि टेबलच्या कपड्याला लागतं. मी काहीच लावलं नाही, खेळून झालं की कोरड्या सुती कपड्यानं पुसतो. आणि मे महिन्यात क्यू गाडीत किंवा टिनाखाली ठेवत नाही, सोल्युशन उष्णतेनं नरम होतं आणि शाफ्टही वाकतो.

खर्च धरला तर जाणं-येणं कुरिअर ५८०, चामडं ५६१, सोल्युशनचा छोटा डबा ९०, टेप आणि पॉलिश पेपर ७०, काकांचे १००, म्हणजे १,४०१. कुरिअरचा घोळ केला नसता तर ८२१ मध्ये झालं असतं, नागपूरचं जाणं मित्राच्या गाडीत होतं ते वेगळं.

भावाला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्यानं आधी जुनं चामडं कुठंय ते विचारलं. पाइपातून काढून दाखवलं, तो बराच वेळ बघत होता, मग म्हणाला दिवाळीत आलो की खेळू.

काकांकडं अजून दोन क्यूंना पुरेल एवढं चामडं आहे. वरुड-मोर्शीकडलं कोणी असेल तर त्यांच्याकडं जा, फक्त खाचेचं माप आधी घेऊन जा आणि उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत पोचा.